वारा सुटला की आधी दावं सोडा

शिरपूर तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून आलेलं पत्र. थोडं आटोपशीर करून देतो.

"नाना, रामराम. आमचं घर गावाबाहेर मळ्यात आहे, मागे फॉरेस्टची टेकडी. गेल्या एप्रिलमध्ये टेकडीवर वणवा लागला. दुसऱ्या दिवशी विझला म्हणाले. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि दिवस मावळायच्या आत आग आमच्या बांधावर. मालक शिरपूरला कामावर. मी दोन्ही पोरांना घेऊन गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पळाले. सासरे, आप्पा, हलले नाहीत. 'मी काय येवाव नही, तुम्ही जा,' म्हणाले आणि गोठ्यात जाऊन बसले. रात्रभर ते जिवंत आहेत की नाही हे मला माहीत नव्हतं. नशिबाने वारा फिरला. कडब्याची गंजी आणि ठिबकच्या नळ्या गेल्या, घर वाचलं. आता आप्पा म्हणतात, मी थांबलो म्हणून घर राहिलं. धाकटा दीर लॉस एंजेलिसकडे असतो, जानेवारी २०२५ मध्ये त्यांनाही रात्री घर सोडावं लागलं. तो फोनवर सांगतो, वहिनी, बॅग भरून ठेवा, आप्पांना आधी हलवा. आप्पा म्हणतात, तिकडे लाकडाची घरं, आपलं मातीच्या छताचं धाबं जळत नाही. मोठा मुलगा आठ वर्षांचा आहे. वारा वाजला की रात्री उठून बसतो. यंदा पुन्हा गवत कमरेएवढं वाढून वाळलंय. मालक म्हणतात, दरवर्षी थोडंच होतं. मी काय करू? पोरांना घेऊन शिरपूरला खोली करून राहू का?"

ताई, आप्पा घरासाठी थांबले नव्हते, हे तुमच्याच पत्रात लिहिलेलं आहे. घर राखायचं असतं तर माणूस धाब्यावर चढून पाणी मारतो. आप्पा गोठ्यात जाऊन बसले. किती जनावरं आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मळ्यातल्या घरी बैलजोडी, एखादी म्हैस, दोन-चार शेळ्या असणारच असं धरून चालतो. तुम्ही निघालात तेव्हा ती दावणीला होती. ज्या माणसाने गुरांना वैरण टाकल्याशिवाय स्वतः भाकरी खाल्ली नसेल, त्याला 'चला' म्हटलं तेव्हा त्याच्या कानाला 'यांना जळू द्या' असंच ऐकू गेलं असेल. तुमच्या मनात तसं काही नव्हतं, हे मला कळतं.

म्हणून यंदा आप्पांना समजावत बसू नका. गुरांची सोय आधी करा, आप्पा गुरांच्या मागे येतील.

मी वनखात्यात नोकरी केली, सातपुड्यात कितीतरी वणवे विझवले, पण ही गोष्ट मी त्याच्या फार आधी शिकलो. १९७८ साल, मी अकरा वर्षांचा. अमळनेर तालुक्यात आमचं खळं होतं. दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, काढून झाली होती, कडबा रचलेला. शेजारच्या शेतात बांध पेटवला होता. दुपारी वावटळ उठली, तिने पेटता पाचोळा उचलला आणि आमच्या गंजीवर आणून टाकला. वडील धावले ते बैलांकडे. बैल घाबरून मागे ओढत होते, आणि अंबाडीच्या दाव्याची गाठ जितकी ओढावी तितकी आवळते. वडिलांची बोटं त्या गाठीवर मी पाहिली आहेत. नखसुद्धा आत शिरत नव्हतं. विळा घरात, आणि घर दोनशे पावलांवर. एक बैल सुटला. दुसऱ्याच्या गाठीशी ते इतका वेळ झटले की उजवा हात कोपरापर्यंत भाजला, आणि बैलही गेला. पुढे वडील होते तोवर आमच्या गोठ्याच्या खांबाला एक विळा टांगलेला असे. त्याने गवत कापायचं नाही, ही घरातल्या सगळ्यांना ताकीद.

तेव्हा तुमचं पहिलं काम दाव्याचं. फाल्गुन लागला की जनावरं अशा गाठीने बांधायची, जी एका ओढीत सुटेल. दोराचं टोक गाठीतून पूर्ण काढून घ्यायचं नाही, दुमडून अडकवायचं. मोकळं टोक ओढलं की गाठ उलगडते. आप्पांना ती येत असणार, जुन्या माणसांना येतेच. त्यांनाच पोरांना शिकवायला सांगा. लोखंडी साखळी असेल तर हे चार महिने काढून ठेवा, तापलेल्या साखळीला हात लावता येत नाही. आणि गुरं बाहेर काढली की गोठ्याचं फाटक बंद करा. भेदरलेलं जनावर ओळखीच्या जागी परत शिरतं, जागा पेटलेली असली तरी.

गुरं न्यायची कुठे? तुमच्या आणि गावाच्या मध्ये कोणाचं तरी नांगरलेलं रान असेलच. हरभरा-गहू निघाला की नांगरट होते, आणि उघड्या काळ्या ढेकळांत जळण्यासारखं काही उरत नाही. वणव्यात त्याच्याएवढी भरवशाची जागा दुसरी नाही. एकर-दीड एकराचं, टेकडीपासून लांबचं, मध्ये गवताचा नाला नसलेलं असं एक शेत हेरून त्या शेतमालकाशी आत्ताच बोलून ठेवा. तिथे पाण्याचा एक ड्रम आणि दोन खुंटे. मग एखाद्या सकाळी आप्पांना म्हणा, चला, गुरं घेऊन तिथवर जाऊन येऊ, किती वेळ लागतो बघू. घड्याळ लावून बघा. अंधारात, धुरात, रडणाऱ्या पोरांसह त्याच्या दुप्पट वेळ लागेल असं धरा. तो आकडा घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे, कारण निघायचं कधी हे त्याच आकड्यावरून ठरतं.

आता वाऱ्याबद्दल. तुमच्या दिराच्या तिकडे ७ जानेवारी २०२५ ला जे झालं, त्यात वाळवंटाकडून समुद्राकडे सुटणारा कोरडा वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता. आपला चैत्रातला वारा तेवढा नसतो. पण कमरेएवढ्या वाळलेल्या गवताला तेवढा लागतही नाही. जोराच्या वाऱ्यात गवताची आग ताशी वीस किलोमीटरने पळू शकते, म्हणजे सायकलवरच्या माणसाच्या पुढे. चढावर ती आणखी वाढते, दर दहा अंश चढाला वेग साधारण दुप्पट. म्हणून काही झालं तरी टेकडीच्या दिशेने वर पळायचं नाही, आणि नाल्यात उतरायचं नाही. वाऱ्याच्या पुढे सरळ न पळता आडवं कापून निघायचं. आग अंगावरच आली आणि वाट उरली नाही, तर जिथे आधीच जळून काळं झालंय तिथे शिरायचं. तिथे पुन्हा जळायला काही नसतं.

त्या रात्रीच्या लॉस एंजेलिसमधली एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगतो. अल्टाडेना नावाची वस्ती आहे. संध्याकाळी सहाच्या सुमारास तिथल्या डोंगरात आग लागली. पूर्वेकडच्या लोकांना घर सोडायचा आदेश संध्याकाळीच मिळाला. पश्चिमेकडच्यांना तो आला पहाटे तीननंतर, आणि तिथले जवळजवळ सगळे मृत्यू त्या पश्चिम भागातले आहेत. विमानं, बंब, मोबाइलवर सूचना, सगळं हाताशी असलेल्या देशात आदेश नऊ तास उशिरा पोचला. तुमच्या मळ्यावर तर आदेश घेऊन येणारं कोणीच नाही. तो तुम्हालाच तुमच्यापुरता काढायचा आहे, आणि तो ठरवायचा आज, डोकं थंड असताना.

असं करा. टेकडीवर एखादी ठळक खूण धरा, पाझर तलाव, एकटा पळस, विजेचा खांब, काहीही जे आप्पांना घराच्या ओट्यावरून दिसतं. धूर त्या खुणेच्या अलीकडे आला आणि वारा तुमच्याकडे असला, की गुरं सुटली पाहिजेत. त्या क्षणी चर्चा नाही, मालकांच्या फोनची वाट नाही. तुमचा वेळ वीस मिनिटांऐवजी चाळीस निघाला तर खूण तेवढी लांब सरकवा. आणि खूण आप्पांनाच ठरवू द्या. ज्या टेकडीवर त्यांनी जन्मभर गुरं चारली, तिथे आग कशी उतरते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. वीस वेळा उगाच निघावं लागलं तरी चालेल. परत यायला कोणी अडवत नाही.

'मी थांबलो म्हणून घर राहिलं' या वाक्यावर त्यांच्याशी वाद घालू नका, विशेषतः चारचौघांत तर नकोच. ती रात्र त्यांनीही एकट्याने काढली आहे. पण तुम्हाला म्हणून सांगतो. ऑस्ट्रेलियात पूर्वी सरकारच लोकांना सांगायचं, तयारी करा, मग एकतर थांबून घर राखा नाहीतर लवकर निघा. ७ फेब्रुवारी २००९ ला व्हिक्टोरिया राज्यात वाऱ्याने भडकलेल्या आगींत १७३ माणसं गेली, पुष्कळशी घरातच सापडली. त्यानंतर तिथे 'लवकर निघा' यावर भर आला. घर राखायला थांबलेली ती माणसं भित्री किंवा अडाणी नव्हती, आप्पांसारखीच होती.

धाब्याबद्दल आप्पांचं अर्धं बरोबर आहे. मातीचा थर पत्र्यापेक्षा आणि कुडापेक्षा पुष्कळ बरा. पण त्या मातीखाली लाकडी सरे आहेत. भिंतीला टेकून पऱ्हाट्यांचा ढीग असेल. धाब्यावर कडबा वाळत घातला असेल. घरं बहुतेक वेळा ज्वाळेने पेटत नाहीत, ठिणगीने पेटतात. ठिणगी वाऱ्यावर किलोमीटरभर आधी येते, कुठल्या तरी सांदीत बसते आणि सगळे निघून गेल्यावर फुलते. तेव्हा पऱ्हाट्या, गोवऱ्या, ठिबकच्या नळ्यांची गुंडाळी, केळीचा वाळलेला पाला, सगळं घरापासून तीस फूट तरी लांब. गंजी त्याहून लांब, आणि गोठा आणि टेकडी यांच्या मध्ये नको. तीस फुटांतलं गवत मुळापासून खरवडून काढा. हे काम होळीच्या आत उरकलं पाहिजे, चैत्रात दुपारी ते कोणाच्याने होत नाही.

तुमच्या पत्रातली एक ओळ मात्र मला सगळ्यात जास्त खटकली. "दुसऱ्या दिवशी विझला म्हणाले." कोण म्हणाले, ताई? कोणी हात लावून बघितलं होतं का?

८ ऑगस्ट २०२३ ला अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या लहैना गावात हेच झालं. सकाळी लागलेली गवताची आग विझली म्हणून जवान निघून गेले. आजूबाजूला उसाची जुनी शेतं पडीक होती, त्यात परदेशी गवत माजलेलं. दुपारी वारा चढला, राखेखालचा विस्तव उठला, आणि गाव गेलं. १०२ माणसं मेली. लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागातली २०२५ची आगसुद्धा १ जानेवारीला विझवलेल्या छोट्या आगीतूनच आली, ती आठवडाभर मुळांमध्ये धुमसत होती, असं तिथले तपास अधिकारी सांगतात. तुमच्या टेकडीवर एखादा वठलेला सालई किंवा अंजनाचं जुनं खोड असंच दोन दिवस आतून धुमसलं असणार. वरून राख पांढरी दिसते, धूर नसतो. मी माझ्या पोरांना, म्हणजे हाताखालच्या वनमजुरांना, एकच सांगायचो. हाताची पालथी बाजू राखेजवळ न्या. तळहात राबून राबून निबर झालेला असतो, त्याला ऊब कळत नाही. पालथ्या हाताला कळते. ऊब लागली की खोड फोडायचं, पाणी नसेल तर माती मिसळून कालवायचं, आणि पुन्हा हात न्यायचा. आगीच्या कडेने सगळीकडे असं फिरायचं. दोन दिवस, वारा सुटायच्या आत. यंदा आग विझली म्हणून कोणी सांगितलं की गावातली चार पोरं आणि वनरक्षक यांना घेऊन मालकांना तिथे पाठवा. 'दरवर्षी थोडंच होतं' म्हणणाऱ्या माणसाला हे काम दिलं की तो स्वतःच सगळीकडे हात लावून बघतो.

त्यांना एक गोष्ट मात्र निक्षून सांगा. आग पेटलेली असताना कामावरून गाडी काढून मळ्याकडे धावत यायचं नाही. तुम्ही निघालात की नाही हे त्यांना कळायची सोय हवी, म्हणून गावातला एक माणूस ठरवा, तो दोघांनाही फोन करेल. टेकडीवर धूर दिसला की वनविभागाचा १९२६, नाहीतर ११२. बंबाला १०१, पण मळ्यापर्यंत रस्ता आहे का ते आधी बघा. विजेच्या तारा एकमेकींना घासून ठिणग्या पडत असतील तर १९१२ वर तक्रार आत्ताच नोंदवा, चैत्रात नाही.

बॅगेचं तुमचा दीर सांगतोच आहे, त्यात मी काय भर घालू. आधार, सातबारा, पासबुक, आप्पांच्या गोळ्या, बॅटरी. निघताना सगळ्यांच्या अंगावर सुती कपडे, नायलॉनची साडी नको, ती वितळून कातडीला चिकटते. घराचे, गोठ्याचे, प्रत्येक जनावराचे फोटो दिराला पाठवून ठेवा. गुरांच्या कानात बारा अंकी बिल्ला मारून घ्या, पंचनाम्याच्या वेळी विचारतात. कोणी भाजलं तर साधं वाहतं पाणी वीस मिनिटं, आणि १०८. हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू देऊ नका.

मोहाच्या दिवसांत आग लागते हे खरं आहे. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आणि दुपारी तो हाताबाहेर जातो. पण तुमच्या गावात सगळं खापर वरच्या पाड्यावर फुटत असेल तर तुम्ही तरी त्यात सामील होऊ नका. मी पाहिलेल्या आगींत बांध पेटवणारे आपले शेतकरी होते, विडी टाकणारे होते, गव्हाचं धसकट जाळणारे होते. आणि वणवा विझवायला सगळ्यात आधी, हिरव्या डहाळ्या घेऊन, पाड्यावरचेच लोक पोचायचे. फुलं पडायच्या आधी पाड्यावर जाऊन बसा, चहा घ्या. पाला झाडून गोळा करायचा, जाळायचा असेल तर पहाटे, वारा नसताना, पाणी जवळ ठेवून, एवढं बोलणं पुरतं. आपल्याच साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. चैत्राम पवार आणि त्यांच्या गावाने स्वतःचे नियम करून चारशे हेक्टरांवर जंगल राखलं, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते कोणी बाहेरून येऊन केलेलं नाही. तुमच्या ग्रामसभेत निदान एवढा ठराव तरी घ्या, की टेकडीच्या पायथ्याने जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, वेळेत काढून मिळावी. वनविभागाचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो, ती त्याच्या आधी निघालेली असली पाहिजे. वनरक्षकाच्या वाट्याला किती रान असतं ते मला माहीत आहे. गावची दहा माणसं मदतीला आली तर त्यालाही बरंच वाटेल.

मुलाला 'काही होत नाही, झोप' असं म्हणू नका. झालं होतं, त्याने पाहिलं आहे. तुम्ही नाही म्हणालात की तो वाऱ्याबरोबर तुमच्यावरही पहारा करू लागतो. उठून बसला की तुम्हीही उठा, त्याला हाताला धरून ओट्यावर न्या, टेकडी दाखवा. उजेड आहे का? वास येतो का? नाही. मग आत चला. पंधरा-वीस रात्री असं करावं लागेल, दमून जाल, तरी करा. आणि त्याला एक काम द्या, त्याच्या वयाचं. शेळ्यांचं दावं सोडणं त्याच्याकडे. आप्पांकडून गाठ शिकला, चार वेळा सोडून दाखवली, की त्या वाऱ्यात त्यालाही काही करता येतं असं होईल. मे-जूनपर्यंतही झोप आली नाही, किंवा शाळेत गप्प बसू लागला, तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, तिथे दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शिरपूरला खोली करून राहायचं म्हणता. माझं मत विचाराल तर नको. शाळेसाठी, कामासाठी जायचं असेल तर खुशाल जा, तो वेगळा विचार. पण आगीच्या भीतीने निघालात तर आप्पा मळ्यात एकटे राहतील, आणि एकट्या म्हाताऱ्या माणसाला गोठ्यातून बाहेर काढणारं कोणी राहणार नाही. हे चार महिने जागरूकपणे काढायचे आहेत. त्यातही वाऱ्याच्या दुपारी मोजक्याच असतात, त्या दिवशी पोरांना गावात नातेवाइकांकडे ठेवलंत तरी चालेल.

आप्पांना माझा रामराम सांगा. आणि विचारा, गोठ्यातल्या कोणत्या खांबाला विळा टांगायचा.